क्विक रिलीज उघडतं, तरी काइट ओढतच राहते: कुठे अडतं, काय तपासायचं

कोल्हापूरहून आंबोली किंवा फोंडा घाट उतरून काइटबोर्डिंगला, म्हणजे मोठ्या पतंगाच्या (काइटच्या) ओढीने पाण्यावर फळीवरून सरकण्याच्या खेळाला, जाणाऱ्यांकडून एक तक्रार दर हंगामात ऐकू येते. क्विक रिलीज (काइटपासून झटक्यात सुटण्याची कळ) ढकललं, उघडलंही, पण काइटची ओढ काही थांबली नाही. दुसरी तक्रार अशी, की रिलीज उघडायलाच जड गेलं, दोन्ही हात लावावे लागले. दोन्ही वेळा दोष रिलीजच्या माथी मारला जातो, नवा चिकन लूप (कमरेच्या पट्ट्याच्या, म्हणजे हार्नेसच्या, हुकात अडकणारा फास) मागवला जातो आणि पुढच्या खेपेला तेच होतं. कारण बहुतेक वेळा बिघाड रिलीजच्या आत नसतोच. रिलीज उघडल्यावर सेफ्टी लाइनला ज्या वाटेने पळायचं असतं, ती वाट कुठेतरी बंद झालेली असते. आणि जिथे रिलीज खरंच अडतं, तिथे कारण साधं असतं: मीठ, वाळू आणि न केलेली तपासणी.

यंत्रणा थोडक्यात सांगून मग एकेका दोषाकडे वळू.

काइट चालवायला हातात धरतात ती दांडी म्हणजे बार. बारवरचे हात सोडले की बार पुढे सरकतो, मागच्या दोन लाइन ढिल्या पडतात आणि काइटची बरीचशी ताकद जाते. ही पहिली पायरी. यात काहीच उघडावं लागत नाही. दुसरी पायरी चिकन लूपच्या क्विक रिलीजची. स्लीव्ह (रिलीजची सरकती नळी) आपल्यापासून दूर, काइटच्या दिशेने ढकलली की लूप उघडून हार्नेसच्या हुकातून सुटतो आणि तुम्ही फक्त सेफ्टी लीशवर, म्हणजे हार्नेसला जोडलेल्या छोट्या दोरावर, राहता. लीश सेफ्टी लाइनला जोडलेली असते. हल्लीच्या बहुतेक चार लाइनच्या बारांत ही सेफ्टी लाइन म्हणजे पुढच्या दोन लाइनपैकी एक. बार आणि उघडलेला लूप त्या ताणलेल्या लाइनवरून काइटकडे घसरत जातात, उरलेल्या तीन लाइन सैल पडतात आणि काइट एकाच लाइनवर फ्लॅग होते. कन्नीचा एक दोरा तुटलेला पतंग जसा वारा धरत नाही, तसं. तिसरी पायरी लीशच्या स्वतःच्या रिलीजची. ते उघडलं की काइट पूर्ण मोकळी होते आणि वाऱ्याच्या दिशेने जे कोणी उभं असेल त्याच्यावर जाते. म्हणून ती शेवटची.

रिलीज उघडलं, पण काइट फ्लॅग झाली नाही

सगळ्यात जास्त घोळ इथे असतो, म्हणून यावर जास्त लिहितोय. बार सेफ्टी लाइनवरून निदान काइटच्या पूर्ण रुंदीइतका घसरला पाहिजे. अर्ध्यात अडकला तर मागच्या लाइनमध्ये थोडा ताण उरतो, काइट पाण्यावर पडून परत उठते, पुन्हा पडते, पुन्हा ओढते. तो अडकतो कशाने, ते पाहा.

पहिला संशय लीशच्या जागेवर घ्यायचा. लीश सेफ्टी लाइनच्या टोकाच्या कडीत असायला हवी. लूप हुकातून काढून युक्त्या करणारे काही जण ती थेट चिकन लूपला लावतात, म्हणजे हातातून बार सुटला तरी काइट फ्लॅग न होता नुसती डिपॉवर होऊन (ताकद कमी होऊन) उडत राहते. याला 'सुसाइड मोड' म्हणतात. अशा जोडणीत काइट मारायला फक्त शेवटची पायरी उरते. भाड्याने घेतलेल्या किंवा मित्राकडून आणलेल्या बारवर ही जोडणी तशीच राहून गेलेली असते आणि नवीन माणसाला ती दिसत नाही. तपासायची रीत सोपी आहे: लीशच्या कॅराबिनरवर (झडपेच्या कडीवर) बोट ठेवा आणि ते न उचलता लाइनवरून पुढे न्या. बोट बारच्या मधल्या भोकातून जाऊन थेट पुढच्या एका लाइनवर पोचलं, तर जोडणी बरोबर. लूपपाशीच थांबलं तर चूक.

दुसरं कारण पीळ, आणि आमच्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्षित. काइट हवेत एकाच बाजूला गोल फिरवत (लूप मारत) राहिलं किंवा प्रत्येक उडीत त्याच अंगाने गिरकी घेतली, की बारच्या वर पुढच्या लाइन एकमेकींभोवती गुंडाळत जातात. एखाद-दुसरा पीळ असला तर लाइन सरकते. चार-पाच साठले की सेफ्टी लाइन दुसऱ्या लाइनमध्ये आवळली जाते आणि वाऱ्याचा ताण आला की तो आवळ आणखी घट्ट होतो. बऱ्याच बारांत पीळ सोडवायला स्विव्हल, म्हणजे फिरता जोड, असतं. काही बारांत ते आपोआप फिरतं, काहींत हाताने फिरवावं लागतं. आपोआप फिरणाऱ्यावर भरवसा ठेवणाऱ्यांनी ते खरंच फिरतंय का हे पाहायचं राहून जातं. मीठ साठलं की ते घट्ट होतं आणि पीळ वर तसाच राहतो. सवय अशी लावा: प्रत्येक गिरकीनंतर, पुढची चाल करण्याआधी, मान वर करून लाइन बघायच्या. पुढच्या दोन लाइन वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत. एकच जाड दोरी दिसली तर थांबून पीळ सोडवा.

तिसरं कारण दुरुस्ती. पुढची लाइन तुटली म्हणून मधे गाठ मारली, किंवा हाताशी होती ती थोडी जाड लाइन बसवली. उडवताना काहीच फरक जाणवत नाही, कारण त्या वेळी ती लाइन बारच्या भोकातून धावतच नाही. धावते फक्त रिलीज उघडल्यावर, आणि तेव्हा गाठ भोकात बसते. सेफ्टी लाइनवर कुठेही गाठ चालत नाही. पाण्यात फडफडून आपसूक पडलेली बारीक गाठसुद्धा नाही. ती सुटत नसेल तर लाइन बदला. शिवाय गाठीच्या जागी लाइन सगळ्यात आधी तुटते. स्टॉपर बॉल (बारची सरक अडवणारा गोळा) ज्यांच्या बारवर आहे त्यांनी त्याचं भोकही बघावं. त्यात वाळू दाटून बसते.

चौथं कारण यंत्राचं नाही, माणसाचं आहे. लूप उघडल्यावर हात परत बारवर जातात. पाण्यात ओढले जात असताना हाताला जे लागेल ते धरणं स्वाभाविक आहे, आणि हाताला बारच लागतो. बार धरला की मागच्या लाइन ताणल्या जातात, काइट उडत राहते, आणि माणसाला वाटतं रिलीज चाललं नाही. यावर एकच उपाय: सरावाच्या वेळी स्लीव्ह ढकलल्यावर दोन्ही हात मोकळे सोडून छातीशी आणायचे, दर वेळी, न चुकता. शरीराला तेच वळण लागलं पाहिजे.

पाचवं, वेगवेगळ्या कंपन्यांचा बार आणि काइट. चार लाइनच्या बारवर पाच लाइनसाठी बनवलेली जुनी सी-काइट (इंग्रजी C सारख्या कमानीची) लावली तर ती उडेल, पण फ्लॅग होण्याची सोयच राहत नाही, कारण तिची सेफ्टी पाचव्या लाइनवर, काइटच्या पुढच्या काठाच्या मध्यावर असते. पुढच्या लाइन जिथे दोन फाट्यांत विभागतात ती जागा खाली आहे की वर, हेही काइटप्रमाणे बदलतं. हंगाम संपताना गोव्यात स्वस्तात सामान विकायला निघतं, तेव्हा हे विचारून घ्या. काइटबोर्डिंगच्या रिलीज यंत्रणेसाठी आयएसओ २१८५३ हे मानक २०२० साली आलं. त्याआधीचा बार वाईटच असतो असं नाही, पण त्याच्याकडे जास्त बारकाईने बघावं लागतं. ज्याचे सुटे भाग आता मिळत नाहीत असा बार फुकट मिळाला तरी घेऊ नये.

हे सगळं किनाऱ्यावर जाण्याआधी कोल्हापुरातच तपासता येतं, काइट न लावता. गांधी मैदानासारखं मोकळं मैदान सकाळी लवकर गाठा. लाइन साधारण २० ते २४ मीटर असतात, तेवढी सरळ जागा लागते. फिरायला आलेल्यांच्या पायात बारीक लाइन येणार नाहीत अशी कडेची जागा निवडा.

१. चारही लाइनची टोकं एका खांबाला एकाच उंचीवर अडकवा. हार्नेस घाला, लीश जोडा, लूप हुकात घाला आणि मागे रेलून सगळ्या लाइन ताणा.

२. इथेच लाइनची लांबीही कळते. बार पूर्ण आत ओढल्यावर तो वाकडा झाला किंवा एखादी लाइन सैल राहिली तर आधी लांबी जुळवून घ्या.

३. स्लीव्ह ढकला, हात सोडा. आता तुम्ही फक्त लीशवर रेललेले आहात.

४. सोबत्याने बार हातात घेऊन खांबाच्या दिशेने चालत न्यावा. काइटच्या रुंदीइतकं अंतर तो कुठेही न अडखळता, एका हाताने सरकायला हवा.

५. मग मुद्दाम पुढच्या लाइनना दोन पीळ द्या आणि परत करा. मग चार, मग सहा. तुमच्या बारवर किती पिळाला लाइन आवळते, हे सोबत्याच्या हाताला स्पष्ट कळतं.

पाचवी पायरी कोणी करत नाही, पण खरी समज तिथेच येते. पीळ का सोडवायचे हे शंभरदा सांगून पटत नाही. बार एके ठिकाणी रुतून बसलेला एकदा हाताला लागला, की पटतं.

स्लीव्ह जड जाते किंवा हलतच नाही

इथे घाटाचा संबंध येतो. समुद्रावरून निघालेला ओला बार पिशवीत जातो, पिशवी डिकीत, आणि गाडी चार तास उन्हात तापत घाट चढते. खारं पाणी स्लीव्हच्या आत सुकतं आणि मिठाचे कण स्प्रिंगच्या वेढ्यांत आणि पिनेच्या बैठकीत धरतात. त्यात कोकणातली बारीक वाळू आणि वाटेतली लाल धूळ. घरी आल्यावर धुऊ म्हणून सोमवार उजाडतो, आणि तोवर जे साठायचं ते साठलेलं असतं.

त्यामुळे पहिलं धुणं किनाऱ्यावरच व्हायला हवं. गाडीत दोन-दोन लिटरच्या दोन बाटल्या गोड्या पाण्याच्या ठेवा. लूप उघडा आणि स्लीव्हच्या दोन्ही तोंडांतून पाणी ओता. ओतत असतानाच स्लीव्ह पंधरा-वीस वेळा मागे-पुढे करा. नुसतं वरून पाणी टाकून आतली वाळू निघत नाही, ती हलवल्यावरच निघते. हेच लीशच्या रिलीजला करा. लीशचं रिलीज जवळजवळ कोणीच धूत नाही, कारण ते वापरण्याची वेळ क्वचित येते. पण येते तेव्हा त्याच्यापुढे दुसरा पर्यायच नसतो.

घरी आल्यावर बार बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा, जुन्या मऊ टूथब्रशने स्लीव्हच्या कडा आणि स्विव्हल घासा, परत पंधरा-वीस वेळा हलवा आणि सावलीत टांगून सुकवा. नळाचं पाणी वापरा. बोअरचं जड पाणी सुकल्यावर स्वतःचाच पांढरा थर सोडतं.

तेल घालायचं नाही. मशीनचं तेल नाही, ग्रीस नाही, दाराच्या बिजागरीला मारतात तो स्प्रेही नाही. त्या दिवशी स्लीव्ह लोण्यासारखी चालते, आणि पुढच्या वेळी किनाऱ्यावर ठेवल्या ठेवल्या वाळूचा कण न् कण त्या तेलाला चिकटतो. कंपनीच्या पुस्तिकेत एखादं वंगण स्पष्ट सांगितलं असेल तर तेवढंच. धुऊन, सुकवूनही स्लीव्ह जड असेल, स्प्रिंग परत येत नसेल किंवा पिनेच्या टोकावर ओरखडा लागत असेल, तर तो भाग संपला.

इथे कोल्हापूरकरांना एक मोह होतो, आणि तो समजण्यासारखा आहे. उद्यमनगरात लेथवर काहीही करून मिळतं. पिन झिजली तर तशीच पिन संध्याकाळपर्यंत हातात येईल, आणि दिसायला मूळ पिनेपेक्षा सुबक असेल. तरीही करून घेऊ नका. त्या पिनेचा कोन, टोकाची गोलाई, धातूची जात आणि बैठकीतली मोकळीक या सगळ्यावर ती ताणाखाली सुटणार की आवळणार हे ठरतं, आणि शतांश मिलिमीटरचा फरक रिकाम्या हाताला कळत नाही. हीच गोष्ट लीशच्या शिवणीची. आपल्याकडे चामड्याची शिलाई उत्तम होते, पण लीशची भार घेणारी शिवण उसवली तर ती शिवून वापरायची वस्तू राहत नाही. उद्यमनगरातून करून घ्यायचंच असेल तर पुढच्या चाचणीसाठी एक भक्कम कडी करून घ्या.

भाराखालची चाचणी, झोपाळ्याच्या कडीला

हातात धरून स्लीव्ह ढकलली, उघडली, झालं, ही चाचणी अपुरी आहे. रिलीज उघडायची वेळ येते तेव्हा त्यावर तुमचं वजन किंवा त्याहून जास्त ओढ असते. काही रिलीज रिकामी छान चालतात आणि भाराखाली आवळतात. उलटही होतं: भाराखाली खटकन सुटणारा लूप ताण नसताना हुकातच पडून राहतो.

जुन्या घरात झोपाळ्याची कडी तुळईला असते. तिला जाड दोर बांधा आणि त्याचं खालचं टोक उभ्या माणसाच्या कमरेच्या जरा वर येईल असं ठेवा. चिकन लूपच्या वरचा भाग त्या दोराला, लूप हार्नेसच्या हुकात. खाली गादी अंथरा. पाय जमिनीवर ठेवूनच गुडघे वाकवत हळूहळू पूर्ण वजन दोरावर सोडा, ढुंगण गादीपासून वीतभर वर राहील इतकं. मग एका हाताने स्लीव्ह ढकला. उजव्या हाताने, मग डाव्या हाताने, मग डोळे मिटून, मग हात ओले करून. प्रत्येक वेळी एका हातात, एका झटक्यात उघडलं पाहिजे. लीशचं रिलीजही याच दोराला लावून वजनाखाली तपासा. हंगामात महिन्यातून एकदा आणि हंगामाच्या सुरुवातीला नक्की.

डोळे मिटून करण्याला कारण आहे. लाटेत तोंडावर पाणी असतं आणि हार्नेस बरगड्यांवर सरकलेला असतो. स्लीव्ह जिथे असेल असं वाटतं तिथे ती नसते. हात आधी हुकावर, हुकावरून वर, मग स्लीव्हवर, असा माग काढायची सवय झाली की ती कुठेही सरकली तरी सापडते.

बाकीचे दोष

लूप उघडतो पण हुकातून निघत नाही: हुकाचं टोक आत वाकलेलं असतं, किंवा लूप हुकात धरून ठेवणारी प्लास्टिकची दांडी अडकते. वाकलेला हुक ठोकून सरळ करू नका, स्प्रेडर बार (हार्नेसवरची हुकाची पट्टी) बदला.

रिलीज आपोआप उघडतं: जवळजवळ नेहमी ते परत लावताना पूर्ण बसलेलं नसतं. बैठकीत वाळूचा कण असला तरी अर्धवट बसतं आणि वरून बसल्यासारखं दिसतं. लावल्यावर दोन्ही हातांनी जोरात ओढून बघा आणि स्लीव्ह पूर्ण मूळ जागी आली का ते डोळ्यांनी पाहा. स्वच्छ असूनही सुटत असेल तर पीन किंवा बैठक झिजली आहे.

डिपॉवर लाइनवरचं (बार ज्यावरून पुढे-मागे सरकतो त्या दोरावरचं) प्लास्टिकचं वेष्टण फाटून आतला दोर दिसतोय: त्याच दिवशी बाजूला ठेवा. ही लाइन तुटली तर त्यापुढच्या कुठल्याही सवयीचा उपयोग मर्यादित राहतो.

स्लीव्ह चुकीच्या दिशेला ओढली जाते: हल्ली बहुतेक रिलीज दूर ढकलायची असतात, पण काही जुनी वेगळी चालतात. उसन्या सामानावर पाण्यात जाण्याआधी पाच वेळा उघडा, पाच वेळा लावा.

कधी उघडायचं

यंत्र चांगलं असूनही माणसं उशिरा उघडतात. वाऱ्याची ताकद वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १४ नॉटचा वारा झोतात २१ नॉट झाला, म्हणजे ताशी सुमारे २६ किलोमीटरवरून ३९, तर वेग दीडपट होतो पण ओढ सव्वादोनपट. विचार करायला वेळ उरत नाही. म्हणून निर्णय आधीच झालेला असावा. जमिनीवर असताना पाऊल आपल्या इच्छेशिवाय पुढे पडलं, किंवा बार सोडूनही ओढ कमी झाली नाही, की उघडायचं. पाय जमिनीवरून बरेच वर गेले असतील तर मात्र हवेत उघडू नका, खाली आदळाल. काइट डोक्यावर ठेवून उतरा आणि टेकताक्षणी उघडा.

आपल्या किनाऱ्याचा स्वभावही यात धरावा लागतो. फेब्रुवारी ते मे दरम्यान दुपारी वायव्येकडून खारे वारे चढतात. समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं तर ते उजव्या अंगाने, थोडे समोरून येतात, म्हणजे ओढ डावीकडे आणि मागे, सुरूच्या बनाकडे. काइट जिथे उचलता तिथून वाऱ्याच्या खालच्या बाजूला निदान दोन लाइनच्या लांबीइतकी, म्हणजे ५० मीटर, जागा पूर्ण मोकळी हवी: माणसं नाहीत, होड्या नाहीत, वाळत घातलेली जाळी नाहीत. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढली जात असेल त्या वेळी तिथे काइट उघडायचीच नाही. जमिनीवर काइट डोक्यावर धरून गप्पा मारत उभं राहणं ही सगळ्यात घातक सवय. एक झोत आला की ती सरळ उचलते. उचलल्यावर ती पाण्याच्या बाजूला खाली ठेवा आणि लगेच पाण्यात जा. सकाळचे मतलई वारे जमिनीवरून समुद्राकडे वाहतात. त्यात काइट फ्लॅग झाली तरी तुम्ही आतच वाहत जाता, त्यामुळे त्या वेळी पाण्यात उतरू नका. देवबागला कर्ली खाडीच्या मुखाशी ओहोटीला हीच अडचण पाण्याच्या ओढीने होते.

रंकाळ्यावर किंवा कळंब्यावर 'जरा उघडून बघू' असं कोणाच्या मनात असेल तर नको. तलावाभोवती झाडं, इमारती, तारा आहेत, माणसांची वर्दळ आहे आणि वारा त्यांवरून तुटत-तुटत येतो. तिथे चांगल्यातलं चांगलं रिलीजही वेळेत उघडत नाही.

उचलताना क्रम पक्का ठेवा. लीश सगळ्यात आधी जोडायची आणि सगळ्यात शेवटी काढायची. जोडणी झाल्यावर, काइट उचलण्याआधी, स्लीव्ह एकदा उघडून परत लावायची. सोबत्याला अंगठा वर म्हणजे 'सोड', डोक्यावर थापटलं म्हणजे 'उतरवून घे'. मदतीला धावून आलेल्या पर्यटकांना आधीच सांगा, "दादा, दोरीला हात लावू नका, फक्त फुगलेला काठ मधोमध धरा." ताणलेली लाइन बोट कापते.

उघडल्यानंतर पाण्यात

काइट फ्लॅग झाली की घाई संपली. फक्त सेफ्टी लाइन हातावर हात टाकत ओढत बारपर्यंत जा. हातमोजा असला तरी लाइन हाताला गुंडाळायची नाही. दुसरी कुठलीही लाइन आधी ओढली तर काइट परत वारा धरते. पुन्हा उडवायचं असेल तर लूप हुकात घालून रिलीज लावा, ओढून खात्री करा, पीळ आणि बारच्या टोकाला अडकलेल्या लाइन बघा, आणि मग सेफ्टी लाइन हळूहळू सैल सोडा. एकदम सोडली तर काइट झटक्यात ताकद घेते.

परतच यायचं असेल तर सेफ्टी लाइन बारच्या एका टोकाला आठ-दहा वेढे देऊन अर्धगाठीने पक्की करा, म्हणजे काइट परत उठणार नाही. मग बाकीच्या लाइन बारवर गुंडाळत काइटपर्यंत जा, शेवटी बार अर्धगाठीने बांधा आणि काइटच्या फुगलेल्या काठाला धरून किनाऱ्याकडे वाहत या. हवा सोडू नका, ती तरंगण्याचं साधन आहे.

बारच्या टोकाला लाइन अडकून काइट एकाच जागी गरगर लूप मारत राहिली तर प्रत्येक फेरीला ओढ वाढते. हात सोडा, स्लीव्ह ढकला. दोन-तीन फेऱ्यांत थांबली नाही तर खालच्या बाजूला ओरडून सांगा आणि लीशचं रिलीज उघडा. पायाला लाइन गुंडाळली गेली असेल तर हार्नेसवरचा हुक-चाकू. ताणलेली लाइन त्याने टेकवताच तुटते. हा चाकू हार्नेसच्या खिशात वर्षभर गंजून बसलेला असतो. बार धुताना तोही बाहेर काढून धुवा, सुकवा आणि जुन्या लाइनच्या तुकड्यावर कापतो का ते पाहा.

पावसाळ्याआधी

जून ते सप्टेंबर सामान बंद असतं आणि कोल्हापूरच्या दमट हवेत स्प्रिंगला गंज चढतो. शेवटच्या खेपेनंतर दोनदा धुऊन, पूर्ण सुकवून बार पिशवीबाहेर, भिंतीला टांगून ठेवा. महिन्यातून एकदा स्लीव्ह आणि लीशचं रिलीज दहा वेळा हलवा. त्याच वेळी झिजलेल्या भागांची यादी करून मूळ कंपनीचा चिकन लूप, लीश आणि सेफ्टी लाइनचा एक जोड मागवा. सुटे भाग बहुतेक परदेशातून येतात आणि वेळ लागतो. ऑक्टोबरात मागवलं तर हंगामाची सुरुवात जुन्याच भागावर करण्याचा मोह होतो. नवा लूप आला की आधी झोपाळ्याच्या कडीला, मग मैदानावर, आणि मगच गाडीत.